पैंजणाचे तुकडे, चिमूटभर मीठ आणि जांभळं पाणी

पत्र: "नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून घरी कोलॉइडल सिल्व्हर केलं. चांदी म्हणून तुटलेल्या पैंजणाचे दोन तुकडे वापरले, हुपरीचंच पैंजण आहे. फिल्टरचं एक लिटर पाणी घेतलं आणि व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे करंट नीट वाहावा म्हणून चिमूटभर मीठ टाकलं. तासाभरात पाणी दुधासारखं झालं. बरणी खिडकीत ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ते जांभळट-काळं पडलं. त्याआधी आईला सर्दी होती म्हणून एक चमचा दिलं होतं. तिचं वय ७१, थायरॉइडची गोळी चालू आहे. माझं काय चुकलं? १० पीपीएमचं पाणी घरी कसं करायचं आणि मोजायचं कसं? आईला रोज किती द्यायचं?"
एक वाचक, इचलकरंजी

कोलॉइडल सिल्व्हर म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी, आणि पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे मिलिग्रॅम. शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण घाई त्याचीच आहे. आईंना रोज किती द्यायचं? अजिबात द्यायचं नाही. हे पाणीही द्यायचं नाही आणि पुढे नीट केलेलंही नाही.

जो एक चमचा गेला त्याने घाबरून जाऊ नका. मिठाच्या पाण्यातून सरासरी ५० मिलिअँपिअर करंट गेला असं धरलं, तर तासाभरात पैंजणातून फार तर २०० मिलिग्रॅम चांदी सुटते. एक लिटरमधल्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात ती १ मिलिग्रॅमच्या आसपास आली, आणि तीही बहुतेक न विरघळणाऱ्या रूपात. एकदाच पोटात गेलेली एवढी चांदी बरीचशी शौचावाटे निघून जाते. तरीही आईंच्या डॉक्टरांच्या कानावर हे घाला, दोन कारणांसाठी. पैंजणात फक्त चांदी नसते. त्याबद्दल खाली लिहितो. दुसरं म्हणजे पोटात घेतलेली चांदी थायरॉक्सिनचं, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाचं, शोषण कमी करू शकते. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या अँटिबायोटिक्सचंही तेच. रोज चमचा सुरू राहिला असता तर काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर गेलेला दिसला असता आणि गोळीचा डोस का पुरत नाही, हे कोणाला कळलं नसतं.

आता पाणी पांढरं का झालं ते. दहावीच्या प्रयोगात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी ओतलं की पांढरा साका येतो. तुमच्या बरणीत तेच घडलं. धनाग्रावरून, म्हणजे बॅटरीच्या प्लसला जोडलेल्या तुकड्यावरून, चांदीचे आयन सुटले, त्यांना मिठातलं क्लोराइड भेटलं आणि सिल्व्हर क्लोराइड झालं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; लिटरला २ मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणून दूध दिसलं. पुढे खिडकीतल्या उजेडाने त्याचं विघटन होऊन धातुरूप चांदीचे बारीक कण मोकळे झाले आणि रंग जांभळट-काळा पडला. जुन्या फोटोच्या फिल्मवर चित्र उमटायचं ते याच गुणधर्मामुळे. म्हणजे तुम्ही केलं ते कोलॉइडल सिल्व्हर नव्हतंच, सिल्व्हर क्लोराइडचा गढूळ काला होता.

मीठ टाकायची युक्ती व्हिडिओत इतकी लोकप्रिय का आहे, हेही समजून घ्या. शुद्ध पाण्यातून करंट फार कमी वाहतो, काही दिसत नाही आणि करणारा कंटाळतो. मीठ टाकलं की बुडबुडे येतात, पांढरे धूर निघाल्यासारखे दिसतात आणि 'काम होतंय' असं वाटतं. काम होतंय खरं, पण दुसरंच. नळाच्या पाण्यातही हेच होतं, कारण त्यात क्लोराइड असतंच. तुमच्या फिल्टरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३० ते ८० असेल तर मीठ न टाकताही ते धुरकट होईल.

पैंजणाचं म्हणाल तर दागिन्याची चांदी मिश्र असते. ९२.५ टक्क्यांच्या चांदीतही साडेसात टक्के बहुधा तांबं असतं, पैंजणात चांदीचं प्रमाण याहून कमी असू शकतं. शिवाय कड्या जोडायला डाक, म्हणजे वितळवून जोड देणारा मिश्रधातू, लावलेला असतो. त्यात तांबं आणि जस्त असतं, जुन्या कामात कॅडमियमही. धनाग्राला लावलेल्या तुकड्यातून हे सगळेच धातू पाण्यात उतरतात, आणि कॅडमियम मूत्रपिंडाला वाईट. डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी. हुपरीच्या कारागिरीत खोट काढायची नाही. पैंजण पायात घालायला केलेलं असतं, पाण्यात विरघळवायला नाही.

प्रयोग म्हणून ही गोष्ट मात्र झकास आहे. विद्युत अपघटन, फॅराडेचा नियम, कोलॉइड आणि उजेडाचं विकिरण, हे सारं एका बरणीत बघायला मिळतं. नीट करायचं असेल तर असं करा.

पाणी डिस्टिल्डच हवं, टीडीएस मीटरवर ० किंवा फार तर १ दाखवणारं. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं, पण कॅन नवा आणि सीलबंद हवा. गॅरेजमधल्या पुन्हा भरलेल्या कॅनमध्ये कधीकधी आधीच्या ॲसिडचा अंश असतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी डिस्टिल्ड समजून वापरणारे बरेच भेटतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश असतात, ते नको. भांडं काचेचं, एक लिटरचं. साबणाचा अंश राहू नये म्हणून शेवटची दोन विसळणी डिस्टिल्ड पाण्यानेच करा.

तार निदान ९९.९ टक्के शुद्ध चांदीची, १४ गेजची म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची घ्या. सराफाकडून घेताना ९९९ शिक्का असलेल्या चांदीचीच ओढून घ्या आणि कुठेही डाक नको असं बजावून सांगा. पंधरा सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. प्लॅस्टिकच्या पट्टीला साडेतीन सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडून तारा त्यातून सरळ खाली सोडा. दहा सेंटिमीटर पाण्यात, पाच वर. वर ठेवलेल्या टोकांनाच क्लिप लावायच्या. क्लिप पाण्याला टेकली तर तिचं निकेल आणि तांबं आधी विरघळतं, पाणी हिरवट-निळसर होतं आणि सगळं फेकून द्यावं लागतं.

वीज बॅटरीचीच वापरा. तीन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या म्हणजे २७ व्होल्ट. तुमची ती जोडणी बरोबर होती. घरच्या २३० व्होल्टवरून कपॅसिटर किंवा बल्ब मध्ये घालून 'साधा सप्लाय' करायची कल्पना कोणी दिली तर कानाआड करा. ओल्या हाताने बरणीशी खेळताना तो जीवघेणा ठरेल.

तुमच्या जोडणीत कमी होता तो करंटवरचा लगाम. बॅटरी आणि तार यांच्या मध्ये २७ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. मग काहीही झालं, अगदी दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तरी करंट १ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. रेझिस्टरच्या ओळीतच मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर जोडून ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर रेझिस्टरऐवजी एलएम ३३४ ही तीन पायांची चिप आणि तिला ६८ ओहमचा सेट रेझिस्टर लावा. ती १ मिलिअँपिअर धरून ठेवते. एलएम ३१७ मात्र इथे कामाची नाही. ती स्थिर राहायलाच काही मिलिअँपिअर खाते.

लगाम का लागतो? वर सांगितलेल्या मापांच्या तारांमध्ये शुद्ध पाण्याचा रोध सुरुवातीला १ लाख ओहमच्या घरात असतो, त्यामुळे मीटरवर ०.२ मिलिअँपिअर दिसतो. जसजसे चांदीचे आयन पाण्यात येतात तसं पाणी जास्त वाहक होतं. १० पीपीएमच्या आसपास तोच रोध ८ ते १० हजार ओहमवर उतरतो. रेझिस्टर असेल तर करंट ०.७ ते ०.८ वर थांबतो. नसेल तर तो ३ मिलिअँपिअरच्या पुढे जातो, त्याने आणखी आयन सुटतात, त्याने करंट आणखी वाढतो. मग ऋणाग्रावर, म्हणजे मायनसच्या तारेवर, काळ्या-करड्या जाळ्या भराभर वाढतात, त्यांचे तुकडे पाण्यात गळतात आणि दोन तारांमध्ये पूल बनतो. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथे.

सुरू केल्यावर दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी: मीटरचा आकडा वहीत लिहायचा, काचेच्या कांडीने हलकं ढवळायचं, ऋणाग्रावरची बुरशीसारखी काळी लव कागदाने पुसून काढायची आणि प्लस-मायनस अदलाबदल करायची. अदलाबदलीमुळे दोन्ही तारा सारख्या झिजतात आणि लव कमी साचते. ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, पण तासाला अर्धा मिलिलिटरही नाही, त्याची चिंता नको.

आता पीपीएम. कुलंब म्हणजे एक अँपिअर करंट एक सेकंद वाहिला की जाणारा विद्युतभार. फॅराडेच्या नियमाने एका कुलंबाला १.११८ मिलिग्रॅम चांदी सुटते. १ मिलिअँपिअर एक तास वाहिला की ३.६ कुलंब, म्हणजे ४.०२ मिलिग्रॅम. पाणी एक लिटर असेल तर तेवढेच पीपीएम. तेव्हा १० पीपीएमसाठी २.५ मिलिअँपिअर-तास लागतात. वहीत समजा पहिल्या तासाची सरासरी ०.३, दुसऱ्याची ०.५, तिसऱ्याची ०.६, चौथ्याची ०.७ आली, तर बेरीज २.१ झाली. चारने गुणा: ८.४ मिलिग्रॅम. अजून अर्ध्या तासाचं काम शिल्लक. हा आकडा मात्र वरची मर्यादा समजायचा. त्यातली काही चांदी ऋणाग्रावरच्या लवेत जाते, काही काचेला चिकटते. ताडून बघायचं असेल तर सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही तारा पुसून, वाळवून, सराफाच्या १ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो फक्त पाण्याची वाहकता मोजतो आणि मिठाच्या हिशेबाने त्याचे पीपीएम करून दाखवतो. चांदीचे धातुरूप कण त्याला दिसतच नाहीत. तुमच्या पहिल्या बरणीत तो बुडवला असता तर त्याने ३००-४०० दाखवले असते, ते सगळं मीठ.

१० वर थांबायचं, कारण वर जागाच फारशी नाही. शुद्ध पाण्यात सुटलेले आयन सिल्व्हर ऑक्साइडच्या रूपात बसतात आणि त्याची विद्राव्यता २० अंश सेल्सिअसला लिटरमागे १३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्यापुढे तपकिरी-काळा गाळ खाली बसू लागतो. घरच्या बॅटरीवर साध्या पाण्यात '५०० पीपीएम' केल्याचं कोणी सांगितलं, तर एकतर त्याला मोजता येत नाही किंवा त्याने पाण्यात दुसरं काही घातलं आहे.

तयार पाणी स्वच्छ, बिनरंगी दिसेल. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. बिनरंगी पाण्यात चांदी जवळजवळ सगळी आयनच्या रूपात असते, तिला कोलॉइड म्हणता येत नाही. अंधारात बाजूने लेसर पॉइंटर मारा. तिरीप पाण्यातून जाताना दिसली तर कण आहेत. अगदी फिकट दिसली तर थोडेच. चमचाभर पाणी वेगळ्या वाटीत घेऊन त्यात मिठाचे चार दाणे टाका. धूसर झालं की आयन आहेत.

खरं कोलॉइड हवं असेल तर आयनांना धातुरूपात आणावं लागतं. एक लिटर तयार पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन खडे, चिमटीत मावतील एवढेच, मग ०.१ ग्रॅम शुद्ध डेक्स्ट्रोज आणि कण एकत्र येऊ नयेत म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवलेलं ०.१ ग्रॅम जिलेटिन घाला, आणि काचेच्या भांड्यातच ८० अंशांच्या आसपास तापवा. हळूहळू पाणी फिकट पिवळं होतं. हा पिवळेपणा कणांच्या आकारातून येतो: दहा-वीस नॅनोमीटरचे कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. कण मोठे झाले किंवा एकत्र आले की रंग तपकिरी, मग राखाडी. मुलांना पाजायची ग्लुकोज पावडर इथे नको, तिच्यात जीवनसत्त्वं आणि क्षार मिसळलेले असतात. जिलेटिन विसरलं तर पिवळं पाणी एखाद्या दिवसात राखाडी पडू शकतं.

एक धोका सांगितलाच पाहिजे. तारांवरचा काळा थर काढायला हिरवी घासणी पुरते, अमोनिया कधीच वापरू नका. सिल्व्हर ऑक्साइड आणि अमोनिया एकत्र राहून वाळले तर स्फोटक पदार्थ तयार होतो, तो नुसत्या स्पर्शानेही उडतो.

एवढं नीट करता येतं, मग प्यायला काय हरकत, असं तुम्ही विचाराल. तुमच्या हातात घड्याळ आणि मीटर आहे, त्यावरून पाण्यात किती चांदी गेली हे कळतं. तिने शरीरात काही गुण येतो याचा पुरावा त्या मीटरवर मिळत नाही, आणि पोटातून घेतलेल्या चांदीसाठी असा चांगला पुरावा कुठेच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच नियम काढला की कोलॉइडल सिल्व्हर असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानली जाणार नाहीत. २०२० मध्ये कोविडवर इलाज म्हणून ते विकणाऱ्यांना तिथे नोटिसाही गेल्या. भाजल्यावर डॉक्टर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम वेगळं. ते कातडीवर, ठरलेल्या प्रमाणात, निर्जंतुक करून लावलं जातं.

प्रमाणाचा हिशेब सरळ मांडतो. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. १० पीपीएमचं पाणी तिच्या शंभरपट. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने आयुष्यभरासाठी धरलेली मर्यादा दर किलो वजनाला रोज ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. एका चमच्यात ०.०५ मिलिग्रॅम येते, ती या मर्यादेच्या आत बसते हे खरं. पण चमच्यावर कोणी थांबत नाही. २०० मिलिलिटरच्या पेल्यात २ मिलिग्रॅम, मर्यादेच्या जवळजवळ सातपट. आणि हा हिशेब पाणी खरोखर १० पीपीएमचं असेल तर. तुमच्या पहिल्या बरणीसारखं २०० चं निघालं तर एका चमच्यातच १ मिलिग्रॅम.

जास्त झालं की काय होतं, तेही तुम्ही खिडकीत पाहिलंच आहे. शरीरात साठलेली चांदी कातडीत उतरते आणि उन्हाच्या उजेडाने तिथेच काळवंडते. चेहरा, हात, नखं निळसर-करडी पडतात. याला आर्जिरिया म्हणतात आणि तो उतरत नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स यांनी २००० साल उजाडताच संगणक बंद पडून अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील या भीतीने घरी हे पाणी करून प्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये ते सिनेटची निवडणूक लढवत होते तेव्हा त्यांचा चेहरा निळसर-करडा झालेला होता. पॉल कॅरासन या गृहस्थांची निळी कातडी २००८ च्या सुमारास टीव्हीवरून जगभर पोचली. तेही घरीच करून पीत. अशा कातडीवर लेसरने काहींना थोडा फरक पडतो, पण रक्तातून चांदी ओढून काढण्याचे नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत.

नेब्युलायझरमधून हुंगणं, डोळ्यात थेंब टाकणं, उघड्या जखमेवर ओतणं हेही नको. घरचं पाणी निर्जंतुक नसतं. आईंना सर्दीसाठी वाफ, पुरेसं पाणी आणि विश्रांती द्या. ताप चढला, धाप लागली किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर.

चांदीच्या वाटीतून बाळाला पाजतो, मिठाईवर वर्ख लावतो, मग हे वेगळं कसं, असा प्रश्न येतो. वाटी आणि वर्ख म्हणजे घन धातू, तो पाण्यात नगण्य उतरतो. इथे आपण वीज लावून मुद्दाम आयन सोडवतो.

केलेलं पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत, झाकण लावून, फ्रिजबाहेर अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलं की कोणीतरी पितंच. बाटलीवर तारीख, हिशेबाने आलेले पीपीएम आणि 'पिऊ नये' हे मोठ्या अक्षरात लिहा. हाताला लागलं तर बोटं काळी पडतील, काही दिवसांत वरची कातडी झडली की डाग जाईल. कपड्यावरचा डाग मात्र जात नाही.

राहता राहिली तुमची जांभळी बरणी. ती मोरीत ओतू नका, विहिरीत, ओढ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ तर मुळीच नाही; चांदीचे आयन माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. तुमच्या पाण्यात मीठ आधीच आहे, त्यामुळे चांदी बरीचशी गाळातच बसली आहे. दोन दिवस उन्हात ठेवा, गाळ तळाशी बसू द्या, वरचं पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून मोरीत सोडा. कागदावरचा गाळ वाळवून बंद डबीत ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या गाडीकडे द्या. पुढच्या प्रयोगाच्या आयनवाल्या पाण्याला सोडण्याआधी लिटरमागे अर्धा चमचा मीठ घाला आणि हेच करा.